फारकतीची जाहीर नोटीस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, खरेदीखतांच्या आणि गहाळ दस्तऐवजांच्या गर्दीत, अधूनमधून एक निराळी जाहीर नोटीस छापून येते: अमुक नावाचा आमचा मुलगा सज्ञान असून आमच्या आज्ञेत नाही, त्याच्याशी आमचा कोणताही संबंध उरलेला नाही, सबब त्याच्याशी कोणी देवघेव केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही. वकिली साच्यातल्या त्या मजकुरात व्यसनाचा उल्लेख बहुधा नसतो. परंतु कित्येक घरांत ही नोटीस लिहिली जाण्यापूर्वी आईच्या पाटल्या, वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली उचल आणि बहिणीच्या लग्नासाठी राखलेली ठेव, हे सारे गर्दच्या किंवा एमडीच्या पुड्यांपायी संपून गेलेले असते.

या नोटिशीचा अर्धा भाग मला न्याय्य वाटतो आणि अर्धा घोर अन्यायाचा. पैशापुरती ती न्याय्य आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने ऋणाचा विचार करताना, कुटुंबासाठी न घेतलेले पुत्राचे ऋण पित्याने फेडण्याचे कारण नाही असे सांगितले आहे, आणि मद्यापायी वा द्यूतापायी झालेले पित्याचे ऋणही पुत्रावर लादलेले नाही. आजही, स्वतः जामीन राहिल्याखेरीज, सज्ञान मुलाच्या कर्जाचा बोजा बापावर पडत नाही. तरीही आपण ते फेडतो, कारण तगादेदार दारात उभा असतो आणि शेजारची खिडकी उघडी असते; आणि अशा रीतीने ज्याने आपल्या कृत्याचा हिशेब पाहायला हवा, त्याच्याच डोळ्यांआडून तो हिशेब दर महिन्याला चुकता होत राहतो.

याहून अवघड प्रसंग रात्रीचा असतो. गर्द न मिळाल्याने मुलाचे अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या होतात, झोप उडते. गर्द ओढणारे ज्याला टर्की म्हणतात ती ही अवस्था पाहताना, केवळ आजच्यापुरते म्हणून आईने फडताळातले पैसे काढून दिले, तर तिला दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. परंतु तिला हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे, की हे हाल पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचून सामान्यतः आठवडाभरात ओसरतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी ते सुसह्य होतात, आणि त्या रात्री मुलाला नेण्याची जागा रुग्णालय ही आहे. तिला हेही ठाऊक असावे, की काही काळ गर्दपासून दूर राहिलेल्या शरीराची ती सोसण्याची शक्ती घटते आणि पूर्वी पचत असलेली मात्राच मग जीवघेणी ठरू शकते. म्हणून उपचारांनंतर मुलगा पुन्हा घसरला, तर ती घटना लज्जेने दडवण्याची नसून तातडीने डॉक्टरांच्या कानी घालण्याची असते. पोलिसांच्या भयाने अनेक घरे तोंड मिटून बसतात. त्यांच्यासाठी १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यात कलम ६४ अ आहे, जे व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याच्या खटल्यापासून तिला संरक्षण देते.

नोटिशीचा दुसरा अर्धा भाग, संबंध तोडल्याचा, मला मुळीच मान्य नाही. १८ जून १९२५ च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी आपल्या थोरल्या मुलाविषयी, हरिलालविषयी, जे लिहिले तीही एका अर्थी जाहीर नोटीसच होती. हरिलाल संचालक असलेल्या कंपनीत पैसे गुंतवून फसलेल्या एका गृहस्थाच्या वतीने विचारणा झाली तेव्हा, मुलाच्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि नावावर भिस्त ठेवून कोणी पैसे गुंतवू नयेत, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु त्याच मजकुरात, त्याच्या दोषांसह आपले त्याच्यावर प्रेम आहे आणि तो येऊ पाहील त्या क्षणी पित्याचे हृदय त्याला सामावून घेईल, हेही त्यांनी लिहिले. पिता म्हणून गांधीजी कठोर होते, आणि आपल्या शिक्षणाविषयीची हरिलालची तक्रार निराधार नव्हती, असे मी मानतो. पण व्यवहाराची फारकत आणि नात्याची कबुली एकाच कागदावर लिहिण्याचे ते धैर्य मला फार मोलाचे वाटते. हरिलाल त्याने तरला नाही. मद्याच्या पुरता आहारी जाऊन, पित्याच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आतच, १८ जून १९४८ रोजी तो मुंबईच्या एका रुग्णालयात क्षयाने वारला. म्हणून मी कोणत्याही मातापित्यांना फलाची हमी देत नाही. मूल वाचणे हे जर प्रेमाचे वेतन मानले, तर ज्यांचे मूल वाचले नाही त्यांचे प्रेम खोटे ठरेल, आणि ते मी कदापि म्हणणार नाही.

नाते राखायचे म्हणजे मग काय करायचे? हातात रोकड न देता उपचारांचे शुल्क थेट केंद्रात भरावे; जेवण वाढावे; घरात नशा चालणार नाही हे तो शुद्धीवर असताना, आवाज न चढवता सांगावे; धाकट्या भावंडांच्या वाट्याचे त्यांच्यासाठीच राहू द्यावे. हे एकट्याने निभावत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे केले, तेथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांचाही विचार होतो. आणि त्याआधी, १९५१ साली, मद्यासक्तांच्या आप्तांनी अमेरिकेत आपली स्वतंत्र संघटना स्थापली ती याच जाणिवेतून, की आपण हे व्यसन लावलेले नाही आणि आपल्या जोरावर ते सुटणारही नाही, पण आपले वागणे मात्र आपल्या हाती आहे. मुलगा उपचारांना तयार नसेल तरी आईवडिलांनी समुपदेशकाकडे जावे, आणि तो बरोबर आला नाही म्हणून जिन्यातूनच माघारी फिरू नये.