जुनें घड्याळ आणि नवा मुलामा

जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य नेमकें काय विकत घेतो, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारांतला वाटतो. पण थोडा खोल विचार केला म्हणजे तो नीतिशास्त्राच्या प्रांतांत शिरतो. केवळ वेळ समजावी एवढाच हेतु असेल, तर जुन्या घड्याळाचें कांहींच प्रयोजन नाहीं. आजचें अगदीं स्वस्त क्वार्ट्झ घड्याळहि साठ वर्षांपूर्वींच्या उत्तम चावीच्या घड्याळाहून बिनचूक चालतें. तेव्हां जो जुनें घड्याळ शोधतो त्याला एक साक्ष हवी असते: ही वस्तु अमुक काळीं घडली, कोणाच्या तरी मनगटावर तिनें दिवस काढले, आणि त्या दिवसांची खूण तिच्या अंगावर आहे. ही साक्षच खोटी निघाली, तर त्यानें पैसे कशाचे दिले?

माझ्या आप्तांपैकीं माकुणसारचा एक तरुण तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहे. पगारांतून चार पैसे बाजूला टाकून आयुष्यांतलें पहिलें जुनें घड्याळ घ्यावें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि दोन घड्याळांचीं छायाचित्रें घेऊन तो माझ्याकडे आला. किंमत दोन्हींची सारखीच. एकाची तबकडी मोरपिशी, आरशासारखी लखलखीत. दुसऱ्याची पिवळसर पडलेली, कांठाला तांबूस ठिपके आलेले. "काका, हें मोरपिशी साठ वर्षांचें आहे म्हणे, आणि बघा किती नवें दिसतें!" असें तो मोठ्या उत्साहानें म्हणाला. जें त्याला त्या घड्याळाचें भूषण वाटत होतें, तेंच त्याच्याविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा होतें. केळवें-माकुणसारच्या खाऱ्या, दमट हवेंत दाराच्या कोयंड्याचें चार पावसाळ्यांत काय होतें हें त्याला मीं सांगायला नको होतें. साठ पावसाळे पाहिलेल्या तबकडीवर एकहि डाग नसावा, हा चमत्कार फार क्वचित् घडतो. बहुधा तो रंगाऱ्याच्या कुंचल्यानें घडलेला असतो.

मग आम्ही भिंग घेऊन बसलों. पुन्हां रंगविलेल्या तबकडीवरचीं अक्षरें किंचित् जाड, फुगलेलीं असतात; मूळ छपाईचा रेखीवपणा त्यांना साधत नाहीं. स्विस घड्याळांत सहाच्या आंकड्याखालीं अगदीं कांठाशीं निर्मितीचे जे दोन बारीक शब्द असावयाचे, ते कित्येकदां गाळलेले किंवा सरकलेले आढळतात. सेकंदाचें लहान वर्तुळ मध्यापासून ढळलेलें असतें. मिनिटकांटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोंचत नसेल, तर तो दुसऱ्या घड्याळाचा समजावा. केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील आणि पाठीवरचा क्रमांक पुसट झाला असेल, तर पॉलिशच्या चाकानें धातु खाल्ला आहे. आणखी एक खूण. पूर्वीं कांहीं तबकड्यांवर अंधारांत दिसावें म्हणून रेडियमचा लेप देत. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षें; पण त्याच्या योगानें उजळणारा जस्ताचा क्षार कांहीं दशकांतच निकामी होतो. म्हणून त्या काळचें म्हणविणारें घड्याळ आज अंधारांत ठळक हिरवें चमकत असेल, तर लेप मागाहूनचा. (जुना लेप मात्र नखानें खरवडूं नये, तो विझला तरी रेडियम जिवंत असतो. अणुवीजकेंद्राच्या शेजारीं नोकरी करणाऱ्याला हें फार समजावावें लागलें नाहीं.) शेवटीं, विकणारा पाठ उघडून आंतलें यंत्र दाखवायला तयार नसेल, तर पुढें बोलणेंच खुंटलें.

हा धंदा आपल्या मुंबईंत इतका फोफावला आहे कीं, परदेशांतील संग्राहक अशा भडक रंगाच्या घड्याळांना मुंबईचेंच नांव लावून हिणवतात. एच्. एम्. टी.ची गोष्टहि तीच. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें बंगळूरला सुरू झालेल्या त्या कारखान्याचें 'जनता' हें सतरा माणकांचें घड्याळ किती घरांतून निवृत्तीच्या किंवा लग्नाच्या निमित्तानें आलें असेल! २०१६ सालीं सरकारनें हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, लोकांचें प्रेम एकदम उफाळून आलें, आणि त्याबरोबर कारखान्यानें कधीं काढल्याच नाहींत अशा रंगांच्या 'जनता'हि बाजारांत उतरल्या.

आतां कोणी म्हणेल कीं, रंग देणें हें काय पाप आहे? मुळींच नाहीं, असें माझें उत्तर आहे. चाळीसपन्नास वर्षांपूर्वीं तबकडी काळी पडली कीं मालक ती घड्याळजीकडे नेई, तो ती रंगवून नवीं अक्षरें काढून देई, आणि दोघांनाहि काय केलें तें ठाऊक असे. ती प्रामाणिक कारागिरी होती आणि तिच्यावर अनेक कुटुंबें जगलीं. तीच तबकडी तिसऱ्या माणसाला 'मूळची' म्हणून विकली कीं तिथें असत्य शिरतें. कुंचला तोच, हातहि कदाचित् तोच. बदललें तें एवढेंच कीं एक गोष्ट सांगावयाची राहिली.

पण सर्व सांगून सवरून विकलें तर प्रश्न मिटतो काय? गिऱ्हाइकापुरता मिटतो, वस्तूपुरता मिटत नाहीं. येथें थीसियसच्या नौकेचा जुना तर्क पुढें येतो: एकेक भाग बदलत गेल्यावर वस्तु तीच राहते काय? घड्याळाच्या बाबतींत मला हा तर्क फारसा अडवीत नाहीं. तेल, कांच, मुख्य स्प्रिंग हीं झिजून बदललीं जाण्यासाठींच असतात. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या यंत्राला तेवढी सेवा हवीच, आणि ती केल्यानें त्याचें आयुष्य पुढें चालतें. तबकडीचें तसें नाहीं. ती झिजली म्हणून घड्याळ थांबत नाहीं; तिला नवी करणें हें केवळ आपल्या डोळ्यांच्या हौसेसाठीं. रस्किननें १८४९ सालीं इमारतींच्या जीर्णोद्धाराविरुद्ध जो टोकाचा पक्ष घेतला तो मला सर्वस्वीं मान्य नाहीं. देवळाचें छप्पर गळूं लागलें तर तें शाकारलेंच पाहिजे. पण दगडी मूर्तीवर तैलरंग चढविणारे विश्वस्त पाहिले म्हणजे रस्किनची आठवण होते. सद्धेतूनेंहि हानि होते. अजिंठ्याच्या चित्रांचें रक्षण व्हावें म्हणून निजाम सरकारनें १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ बोलावले; त्यांनीं वापरलेलें लाखेचें रोगण पुढें पिवळें-काळें पडलें आणि चित्रांवरच पडदा आला.

या असत्यांत गिऱ्हाइकाचा वांटा किती, हेंहि पाहिलें पाहिजे. त्या तरुणाच्या आईनें मला विचारलें, "भाऊजी, एवढे पैसे मोजून डागाळलेलें कशाला घ्यायचें?" प्रश्न साधा नाहीं. आम्हांस वय हवें, पण सुरकुती नको; परंपरा हवी, पण धूळ नको. अशी मागणी असल्यावर ती पुरविणारा कोणी ना कोणी निघतोच. त्या माउलीला मीं एवढेंच म्हटलें कीं, नवें हवें असेल तर खुशाल नवेंच घ्यावें, त्यांत कमीपणा नाहीं. मुलानें दोनचार दिवस विचार केला आणि पिवळसर तबकडीचें घड्याळ, पाठ उघडून पाहून, घेतलें. दिवसाला तें दोनतीन मिनिटें पुढें जातें.

पुष्कळ वाचकांच्या कपाटांत आजोबांचें एखादें बंद पडलेलें घड्याळ असेल. तें दुरुस्तीस देतांना घड्याळजीला स्पष्ट सांगावें, शक्य तर कागदावर लिहून द्यावें: यंत्र साफ करा, तेल द्या, स्प्रिंग तुटली असेल तर बदला, तबकडीला हात लावूं नका, केस पॉलिश करूं नका, आणि काढलेला प्रत्येक भाग पुडींत बांधून परत द्या.