यंत्राचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू दुरुस्त करून वापरावी की मोडीत काढून नवी आणावी, हा प्रश्न आपल्याकडे जमाखर्चाच्या वहीतला समजला जातो, आणि ज्याला तो पडतो तो कारागिराकडे जातो किंवा फारच झाले तर पतपेढीकडे. तत्त्वज्ञाकडे कोणी जात नाही. वास्तविक या देशातील दार्शनिकांनी ज्या थोड्या प्रश्नांवर शतकानुशतके कडाक्याची भांडणे केली त्यांत हा एक आहे, आणि त्या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही.

माझ्याकडे तो आला तो एका मोटारबोटीच्या निमित्ताने. रामटेकच्या गडाखाली खिंडसीचा जलाशय आहे, आणि सुटीच्या दिवशी नागपूरची पुष्कळ मंडळी तेथे नौकाविहारासाठी जातात. माझ्या एका स्नेह्यांची तेथे एक बोट आहे, आणि तिच्या मागच्या फळीला चाळीस अश्वशक्तीचे, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे जुने टू-स्ट्रोक इंजिन अडकवलेले आहे. ते मध्येच बंद पडू लागले म्हणून मेस्त्रीला बोलावले. त्याने खालच्या गिअर-केसचा स्क्रू सैल केला तेव्हा आतून जे तेल आले ते काळे नव्हते, ताकासारखे पांढरे होते. म्हणजे सील जाऊन पाणी आत शिरले होते. थंड पाणी फिरवणाऱ्या पंपातील रबरी पात्या गाळाने झिजून बोथट झाल्या होत्या आणि एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन उतरले होते. मेस्त्री त्या भागातलाच. तो म्हणाला, "मशीन जुनी झाली म्हून नाई बिघडली, साहेब, पाणी आत घुसलं म्हून बिघडली." वार्धक्य आणि व्याधी यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा माणूस मला विद्यापीठात क्वचितच भेटला आहे.

तजविजी तीन निघाल्या. मेस्त्रीचे म्हणणे, सील, पंप, पिस्टन, रिंगा बदलून सिलिंडर बोअर करावे. स्नेह्यांच्या मनात तेवढ्याच शक्तीचे नवे फोर-स्ट्रोक इंजिन घ्यावे असे होते, पण वडिलांनी घेतलेले यंत्र काढताना हात धजत नव्हता. त्यांच्या चिरंजीवांचे मत असे की खर्च करायचाच तर साठ अश्वशक्तीचे बसवावे, कारण गिऱ्हाइकाला वेग हवा असतो.

मी आधी नैयायिकांना विचारून पाहिले. त्यांच्या मते अवयवांहून अवयवी निराळा असतो, आणि अवयवांत फेर पडला की पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन नवाच उत्पन्न होतो. पटातला एक तंतू निघाला तरी राहतो तो जुना पट नव्हे, खंडपट नावाचा दुसरा पट. या न्यायाने मेस्त्रीने एक रिंग बदलली की इंजिन नवे झालेच, आणि पुढचा प्रश्नच उरत नाही. बौद्ध आचार्य तर त्याहून निष्ठुर. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातला रथ सुप्रसिद्ध आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, सर्वांची बेरीजही रथ नव्हे, रथ हे केवळ व्यवहारापुरते नाव. येथे जुने इंजिन मुळात कधी नव्हतेच, तेव्हा ते बदलायचे कोणी आणि कसे? एका पक्षी ते आधीच नवे, दुसऱ्या पक्षी ते कधी अस्तित्वातच नव्हते. हे मी स्नेह्यांना सांगितले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

ज्यांना देवाच्या मूर्तीबाबत हाच निर्णय प्रत्यक्ष घ्यावा लागतो, त्यांची रीत अधिक उपयोगी ठरते. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती लाकडाची, आणि ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी, म्हणजे साधारणपणे आठ ते एकोणीस वर्षांच्या अंतराने, कडुनिंबाच्या निवडलेल्या वृक्षांतून नवी मूर्ती घडवून जुनीला मंदिराच्या आवारातच भूमिगत करतात. या विधीला नवकलेवर म्हणतात, आणि अलीकडे तो 1996 आणि 2015 साली झाला. जुन्या देहातला ब्रह्मपदार्थ डोळ्यांवर पट्टी बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात नव्या देहात ठेवतात. तो काय आहे हे ठेवणाऱ्यालाही दिसत नाही. नागपूरकरांना ही हकीकत परकी वाटू नये, कारण 1751 पासून 1803 पर्यंत ओरिसा आपल्या भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि त्या मंदिराची व्यवस्थाही त्यांच्या कारभारात मोडत होती. उलट कोल्हापुरात अंबाबाईची झिजलेली मूर्ती बदलण्याऐवजी तिच्यावर संवर्धनाचे उपचार झाले, तेही योगायोगाने 2015 सालीच. एका ठिकाणी देह मुदतबंद मानला आहे, दुसऱ्या ठिकाणी पाषाण हाच देवतेचा देह मानून तो जपला आहे. दोन्ही रीती धर्म्य आहेत, कारण काय टिकवायचे आहे हे दोन्हीकडे आधी ठरलेले आहे.

ते ठरवावे कसे, याचा सर्वांत व्यवहारी ऊहापोह पूर्वमीमांसेत सापडतो, आणि लोक ज्या शास्त्राला शुष्क म्हणून टाळतात त्याच शास्त्रात तो सापडावा यात मला थोडा खोडकर आनंद आहे. जैमिनींच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे. सोम नसेल तर पूतिका चालते. मात्र प्रतिनिधी मूळ द्रव्याशी सदृश असावा. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना मात्र प्रतिनिधी नाही. तसाच तो स्वामीलाही नाही, कारण कर्माचे फळ ज्याला मिळायचे त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही.

ही कसोटी खिंडसीच्या बोटीला लावून पाहावी. इंजिन हे द्रव्य, म्हणजे बदलण्याजोगे. वडिलांनी घेतले म्हणून ते देवता होत नाही. क्रिया म्हणजे माणसे पैलतीरी नेऊन सुखरूप परत आणणे. तिला पर्याय नाही. सादृश्याचा नियम तर चिरंजीवांच्या साठ अश्वशक्तीवर थेट पडतो. बोटीचा सांगाडा आणि मागची फळी चाळिसाच्या हिशेबाने बांधलेली आहे. तिच्यावर जड यंत्र चढवले की पाठ पाण्यात बसते आणि नाक वर उचलले जाते. शिवाय पाण्याचा विरोध ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, दीडपट शक्ती दिली तरी वेग जेमतेम सातव्या हिश्श्याएवढाच वाढतो. पाण्यावर उसळून सरकणाऱ्या हलक्या बोटींचे गणित वेगळे, पण पर्यटकांनी भरलेली ही बोट त्यांतली नव्हे. ज्याला आपण सुधारणा म्हणतो ती पुष्कळदा तृष्णा असते, आणि ती गिऱ्हाइकाच्या नावाने रुजू होते.

उरतो तो स्वामी. स्नेही स्वतःला मालक समजत होते, कारण कागदपत्र त्यांच्या नावावर आहेत. परंतु फळ ज्याला मिळते तो स्वामी, ही मीमांसकांची व्याख्या मानली तर जलाशयाच्या मध्यभागी, संध्याकाळच्या वाऱ्यात, यंत्र बंद पडल्यावर ज्याच्या मांडीवर लेकरू आहे तो उतारू या प्रकरणात खरा स्वामी ठरतो. तो मसलतीला बसलेला नसतो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक त्याला दाखवलेले नसते, आणि चुकीचा भार मात्र त्याच्यावर पडतो. स्नेह्यांनी हेच इंजिन स्वतःपुरते, एकट्याने मासे धरायला वापरले असते, तर मी मेस्त्रीच्या बाजूने उभा राहिलो असतो.

नागपूरच्या माणसाने दुरुस्ती आणि त्याग यांविषयी लिहावे आणि दीक्षाभूमीचे नाव काढू नये हे शक्य नाही. यंत्राच्या शेजारी तिचा उल्लेख औद्धत्याचा वाटेल हे ठाऊक असूनही मी तो करतो. 1927 चा महाडचा सत्याग्रह आणि 1930 पासूनचा नाशिकच्या काळाराम मंदिराचा लढा, हे दोन्ही एका अर्थाने दुरुस्तीचे अर्ज होते आणि ते फेटाळले गेले. 1935 साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यागाची घोषणा केली. त्यानंतर कोणता धर्म घ्यावा याचा शोध अनेक वर्षे चालला, आणि प्रत्यक्ष दीक्षा झाली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी, या शहरात. त्या काळात त्यांना सुधारणेचा धीर धरण्याचा उपदेश करणारे सज्जन थोडे नव्हते. ते काठावर उभे होते. नौका ज्यांना बुडवीत होती त्यांनी ती दुरुस्त करावी की सोडावी, याचा निर्णय काठावरच्या माणसाकडे असूच शकत नाही, हे त्या दिवशी लाखो लोकांनी आपल्या आचरणाने सिद्ध केले.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी दुरुस्ती आणि त्याग या माझ्या सरळ विभागणीला बाध आणते. बाबासाहेबांनी नवा धर्म घेतला तोही परंपरेने जसा आला तसा घेतला नाही. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथात रूढ मांडणीतील अनेक गोष्टींची त्यांनी चिकित्सा केली आहे, आणि दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. म्हणजे त्याग करणाऱ्यालाही दुरुस्तीतून सुटका नाही. मिलिंद-नागसेन संवादाचे त्यांना इतके अगत्य की 1950 साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. ज्या संवादात रथच नाकारला आहे, त्याच्या नावाने त्यांनी दगडविटांची भक्कम इमारत उभी केली. मला हा विरोध वाटत नाही. रथ हे नाव व्यवहारापुरते असले, तरी त्यात बसणाऱ्याचे दुःख नावापुरते नसते, एवढे भान त्या तत्त्वज्ञानालाही आहे.

स्नेह्यांना मी लेखी अभिप्राय दिला आहे तो असा: इंजिन बदलावे, नवे फोर-स्ट्रोक असावे आणि चाळीस अश्वशक्तीचेच असावे, ते जुन्यापेक्षा वजनाने जास्त भरण्याचा संभव असल्यामुळे बसवण्यापूर्वी मागची फळी ठोकून, ओल तपासून घ्यावी. साठ अश्वशक्तीचा मोह टाळल्याने जी रक्कम शिल्लक राहील तिची लाइफ जॅकेटे घ्यावीत, लहान मुलांच्या मापाची आधी. जुने यंत्र सुट्या भागांसाठी मेस्त्रीला द्यावे, मात्र दुसऱ्याच्या बोटीला ते बसवणार नाही असे त्याच्याकडून कबूल करून घेऊनच.