गाडीखान्यातल्या पाच जागा

ओरत्तनाडूच्या अलीकडे एक गाव आहे. कल्लणै कालव्याचं पाणी, चहूकडे भात, बांधांवर नारळ. गावातल्या जुन्या अग्रहारात एक मराठी घर आहे. व्यंकोजीराजांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यानंतर जी घराणी कावेरीच्या मुलखात उतरली आणि तिथलीच झाली, त्यांतलं हे एक. देवघरात आणि जेवताना मराठी, शेतावर आणि बाजारात तमिळ, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

घराच्या मागे गाडीखाना आहे, लाकडी खांबांनी पाडलेले पाच खण. घरातली सगळ्यांत मोठी म्हणजे अज्जी; तिच्या सासऱ्यांच्या काळी तिथे दोन बैलगाड्या आणि बायकांसाठी छपराची एक विल्लुवंडी उभी असे. १९७८ साली अज्जीच्या यजमानांनी अॅम्बॅसडर आणली. ते गेल्यावर ती पहिल्या खणात विटांवर चढवून ठेवली गेली. बाकीच्या खणांत मोडके नांगर, रिकामे पिंप आणि शेतावरच्या गड्याची टीव्हीएस फिफ्टी मोपेड.

२०१८च्या उन्हाळ्यात वळणरस्त्यासाठी शेताची एक पट्टी गेली आणि मोबदला आला. अज्जीने त्याचे तीन वाटे केले. एक जमिनीसाठी, एक घराच्या कौलांसाठी आणि एक वाहनांसाठी. मग तिने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"घरात सगळ्यांना गाड्यांची स्वप्नं पडतात, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पाच खण आहेत. ज्याला हवं त्याने पाच गाड्या लिहा. मनातल्या लिहा, लाजू नका. पण रोजच्या जगण्यात चालल्या पाहिजेत. ज्याची यादी मला पटेल त्याच्या हाती पैसे देईन."

थोरल्या मुलाची यादी संध्याकाळपर्यंत तयार झाली. तो चेन्नईची नोकरी संपवून नुकताच गावी परतला होता. टोयोटा फॉर्च्युनर, इनोव्हा, एक बेंझ, एक जिप्सी आणि एक कॉन्टेसा, सगळ्या जुन्या बाजारातून घ्यायच्या. त्याचा मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता. त्याने फोनवरूनच यादी पाठवली, आणि ती बापापेक्षा विचारपूर्वक होती. महिंद्रा थार, एक स्विफ्ट, विजेवर चालणारी एक लहान गाडी, जुनी मारुती ८००, आणि शेवटी जपानात त्याच जुलैत आलेली नवी जिम्नी. "ही आपल्याकडे विकत नाहीत," त्याने खाली लिहिलं होतं, "पण स्वप्नात एक तरी अशी असू दे."

धाकटी सून गप्प होती. तिचा नवरा मस्कतला, आणि शेताचा सगळा कारभार तिच्याच अंगावर. ती म्हणाली, "आई, मला पोंगलपर्यंत मुदत द्या."

दुसऱ्या दिवशी अज्जी तिघांना शिवाच्या देवळात घेऊन गेली; नातू रात्रीच्या बसने येऊन पोचला होता. दर्शन झाल्यावर ती त्यांना वाहनमंडपात घेऊन गेली. अर्धवट अंधारात देवाची वाहनं ओळीने उभी होती. नंदी, हत्ती, घोडा, हंस, कामधेनू, दहा तोंडांचा रावण, आणि बाजूला मुरुगनचा मोर. उत्सवात रोज एकेक बाहेर निघतं.

"एवढी वाहनं एका देवाची," अज्जी म्हणाली. "पण प्रत्येकाचा दिवस ठरलेला आहे. हत्ती कुठल्या दिवशी, घोडा कुठल्या दिवशी, पुजारी गुरुक्कळ झोपेतही सांगतील. तुमच्या यादीतल्या गाडीचा दिवस मला सांगा. दिवस सांगता येईल ती गाडी राहील."

थोरल्याने तिथेच प्रयत्न केला. फॉर्च्युनर पाहुण्यांना आणायला. इनोव्हाही पाहुण्यांना आणायला. बेंझचं काय सांगावं ते त्याला सुचेना. कॉन्टेसापाशी तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "८५ साली मी चेन्नईत कारकून होतो. साहेबांची कॉन्टेसा फाटकातून आत आली की दार उघडायला मी धावायचो. आतून वेगळाच वास यायचा. तेव्हापासून ती मनात आहे, आई. दिवस नाही सांगता येत." अज्जीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलली नाही. मला तिचं हे वागणं फार मोठं वाटतं. तीस वर्षं मनात जपलेली गोष्ट माणसाने सांगितली की तिचा हिशेब लगेच मांडायचा नसतो.

नातू हाडाचा यंत्रवाला. परत येताना तो गावाच्या तोंडाशी मोरीवर थांबला. जुनी मोरी, दोन्ही बाजूंना दगडी कठडे. याच अरुंदपणामुळे मिनिबस गावात शिरत नाही, पलीकडच्या रस्त्यावरच थांबते. त्याने टेप काढून मोजलं. कठड्यांमध्ये बरोबर सहा फूट. मोबाइलवर शोधलं तर फॉर्च्युनरची रुंदी निघाली १,८५५ मिलिमीटर, म्हणजे सहा फुटांच्या वर. इनोव्हा निघाली १,८३०, कठडे घासणारच. बापाच्या यादीतल्या दोन गाड्या घरापर्यंत पोचणारच नव्हत्या. तो हसला नाही. त्याने बापाला फक्त टेप दाखवली.

मग त्याने आपलीही यादी तपासली. पाच गाड्या आणि चालवणारी माणसं दोन, म्हणजे तीन गाड्या कायम उभ्या राहणार. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि टायर एका जागी दबतात. भाताच्या मुलखात तर कापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात, बॉनेटमध्ये शिरतात आणि वायरी कुरतडतात. विम्याचे हप्ते मात्र पाचांचेही भरावे लागणार. छायाचित्रात पाच गाड्या ओळीने उभ्या पाहणं आणि पाच गाड्या सांभाळणं यांत किती अंतर आहे ते कारखान्यातल्या मुलाला लगेच उमगलं.

इकडे धाकट्या सुनेने एक लांबट वही घेतली होती. १९ जुलैला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडले. रीतीप्रमाणे पाणी १२ जूनला सुटतं. त्या साली उशीर झाला आणि कुरुवैचं पीक हुकलं. कालव्याला पाणी आलं, संबा भाताची तयारी सुरू झाली, आणि त्याच दिवशी तिने वहीचं पहिलं पान लिहिलं. कोण कुठे गेलं, किती माणसं, बरोबर काय होतं, रस्ता डांबरी की बांधावरचा, कशाने गेलं, किती पैसे पडले. खताच्या दोन गोण्या, टीव्हीएस. बियाणं, ट्रॅक्टर भाड्याने. मुलाची शाळा, मोरीपर्यंत चालत आणि पुढे मिनिबस. लग्नाला कुंभकोणम, भाड्याची मोटार.

हे सगळं ती उजव्या पानावर लिही. डावं पान आठवडाभर कोरंच राहिलं. मग एका संध्याकाळी गड्याची बायको सांगत आली की मुलीने ओरत्तनाडूचा टाइपरायटिंगचा क्लास सोडला, कारण क्लास सुटतो तेव्हा शेवटची बस निघून गेलेली असते. सून वही उघडून बसली. ही खेप कुठे लिहायची? मुलगी तर गेलीच नव्हती. तिने ती डाव्या पानावर लिहिली, आणि वर मथळा दिला: जायचं होतं, जाणं झालं नाही.

त्यानंतर डावं पान भरभर भरू लागलं. अज्जीला तंजावरला डोळे दाखवायचे होते. बसची पायरी उंच, गुडघे वाकत नाहीत, जाणं झालं नाही. नारळ पट्टुकोट्टैच्या बाजारात न्यायचे होते. वाहन नव्हतं, व्यापाऱ्याच्या गाडीत घातले आणि भावही व्यापाऱ्याचा. वासरू आजारी पडलं. ओरत्तनाडूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्यायला हवं होतं. टेम्पो दुसऱ्या दिवशी मिळणार होता. वासरू रात्रीच गेलं.

मग नोव्हेंबर आला. १६ तारखेच्या पहाटे गाजा वादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं आणि आत शिरलं. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै, पेरावुरणी या पट्ट्यात नारळाची झाडं हजारोंनी आडवी झाली. एक नारळ धरायला वर्षं लागतात. इथे आजोबांनी लावलेल्या बागा एका रात्रीत झोपल्या. विजेचे खांब पडले, वीज कित्येक दिवस आली नाही, आणि मोटार बंद म्हणून विहिरीत पाणी असून प्यायला पाणी नाही.

त्या दिवसांची पानं सुनेने मेणबत्तीच्या उजेडात लिहिली. रस्त्यावर खोडं पडलेली. पहिले दोन दिवस गावाबाहेर गेली ती फक्त टीव्हीएस, कारण खोड आलं की दोघे मिळून ती उचलून पलीकडे ठेवता येते. मेणबत्त्या, दूध पावडर, अज्जीची रक्तदाबाची औषधं टीव्हीएसनेच आणली. शहरातली माणसं या गाडीकडे वळूनही पाहत नाहीत. मी या मुलखात तिच्यावर चाऱ्याचे भारे, गॅसची टाकी, शाळेत जाणारी तीन मुलं आणि आजारी म्हातारा असं सगळं वाहिलेलं पाहिलं आहे, आणि १९८० साली ज्यांनी हे यंत्र बाजारात आणलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला तसा भाड्याचा एक टाटा एस आला, ज्याला तमिळनाडूत सगळे कुट्टी यानै, म्हणजे छोटा हत्ती म्हणतात. त्यावर जनरेटर होता. तो विहिरीपाशी लावून अग्रहारातल्या आणि पलीकडच्या वस्तीतल्या टाक्या भरून घेतल्या. डाव्या पानावर त्या आठवड्यात लिहायला जागा उरली नाही. तिने चिठ्ठ्या चिकटवल्या.

पोंगल झाला. जानेवारीत तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना झाली, आणि अग्रहारातल्या चार म्हाताऱ्यांचं जाणं राहिलं, तेही डाव्या पानावर गेलं. कापणी झाली. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत भात घरी ठेवावं लागलं आणि अवेळी पाऊस आला, तेव्हा गाडीखान्याच्या दोन खणांतलं अडगळीचं सामान बाहेर फेकून तिथे पोती रचली.

मग एका संध्याकाळी अज्जीने वही वाचायला सांगितली.

सुनेने उजवी पानं भराभर वाचली. जवळजवळ सगळ्या खेपा वीस किलोमीटरच्या आतल्या. एक माणूस आणि एक गोणी, किंवा दोन माणसं आणि एक पिशवी. डावी पानं तिने सावकाश वाचली. वासराच्या ओळीपाशी तिचा आवाज थांबला. तिथून पुढे नातवाने वाचलं. थोरला खाली मान घालून ऐकत होता. टाइपरायटिंगच्या क्लासची ओळ आली तेव्हा दाराशी उभा असलेला गडी आत सरकला आणि म्हणाला, हे तुम्ही लिहून ठेवलंत?

"आई," सून म्हणाली, "भावजींनी आणि त्यांच्या मुलाने गाड्या मनात आणल्या आणि मग दिवस शोधला. मला गाड्यांतलं कळत नाही. मी दिवस लिहिले. उजव्या पानावर आपण जगतो ते आहे. स्वप्न म्हणाल तर ते हे, डावं पान. माझी यादी त्यातूनच आली."

यादी छोटी होती. एक छोटा हत्ती: रुंदी दीड मीटर, मोरीतून सहज जाणारा, पाऊण टन उचलणारा, नारळाला, खताला, जनावराला, आणि अडीअडचणीला साऱ्या गावाला. गड्याच्या जुन्या टीव्हीएसच्या जागी नवी, त्याच्या नावावर. गिअर बदलावे न लागणारी एक लहान मोटार, जी ती स्वतः शिकून चालवेल. संध्याकाळी ओरत्तनाडूहून मुलीला आणायला, अज्जीला तंजावरला न्यायला. चौथ्या जागी तिने लिहिलं होतं, अॅम्बॅसडर.

"ती?" थोरला म्हणाला.

"तिची सीट उंच आहे, भावजी. दार मोठं आहे. आईंना वाकावं लागत नाही, त्या नुसत्या मागे टेकून बसतात. चार म्हाताऱ्या तिच्यात बसू शकतात, दुसऱ्या कुठल्या गाडीत त्या चढणारच नाहीत. पण ती सुरू करणं मला जमायचं नाही."

नातवाने विटांवरच्या गाडीखाली वाकून पाहिलं. पत्रा तळाशी थोडा गंजला होता, पण सांगाडा शाबूत होता. "साधं इंजिन आहे," तो म्हणाला. "उत्तरपाऱ्याचा कारखाना २०१४ला बंद झाला, पण कुंभकोणमला हिच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून आहेत. अप्पा, कॉन्टेसाही याच कंपनीची. पाना धरायला मी सुट्टीत येईन."

"आणि पाचवा खण?" अज्जीने विचारलं.

"भातासाठी," नातू म्हणाला. सुनेने त्याच्याकडे पाहिलं. हे तिच्या यादीत नव्हतं, पण वहीत होतं.

अज्जीने पैसे सुनेच्या हाती दिले. छोटा हत्ती फेब्रुवारीत आला. अॅम्बॅसडरला वेळ लागला. थोरल्याने सीटवर नवं कापड घातलं, दारांच्या बिजागऱ्यांना स्वतः तेल दिलं, आणि पंगुनी महिन्यात, तिरुवारूरचा मोठा रथ निघतो त्याच्या आदल्या दिवशी, तो अग्रहारात घरोघर सांगून आला की मी जाणार आहे. सकाळी दारात चार नव्हे, सात म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्याने प्रत्येकीसाठी दार उघडून धरलं, आणि मन्नारगुडीवरून तिरुवारूरला दोन खेपा केल्या. संध्याकाळी सुनेने डाव्या पानावर नवी ओळ लिहिली, कारण दुसऱ्या खेपेतल्या तिघींना रथ हलताना पाहायला मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी निघायचं ते पहाटे चारला, आणि लहान मोटारही बरोबर न्यायची.