न मोजलेला प्रेक्षक

बोईसरहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सफाळं गेलं की मोबाइलचं नेटवर्क डळमळायला लागतं. वैतरणेचा पूल येईपर्यंत अर्ध्या डब्याचे व्हिडिओ गोल गोल फिरत थांबलेले असतात. ज्यांनी आदल्या रात्रीच सिनेमा डाउनलोड करून ठेवलाय, ते तेवढे निवांत. मी त्यांच्यातला. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये सुरू झाली. मला वसईला नोकरी लागल्यापासून माझे निम्मे सिनेमे याच गाडीत पाहून झालेत. त्यातल्या बऱ्याच सिनेमांचे पैसे मी कुणालाच दिलेले नाहीत.

आमचा टेलिग्रामवर एक ग्रुप आहे आणि त्यात लिंक टाकणारा मी होतो. ग्रुपमधली बरीच मुलं तारापूर एमआयडीसीत कामाला. फर्स्ट शिफ्ट, सेकंड, नाइट असं चक्र चालू असतं, त्यात सिनेमा कुठे बसवणार? जवळच्या थिएटरात मराठी सिनेमा आला तरी दिवसाला एकच शो, तोही दुपारी, आणि आठवडाभर टिकेल याचा भरवसा नाही. म्हणून शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारपर्यंत मी ग्रुपवर आणायचो. चोरी करतोय असं कधी वाटलं नाही. पाणपोई चालवतोय असं वाटायचं.

कुणी टोकलंच तर उत्तर तयार असायचं. कुणाची सायकल चोरली तर तो पायी घरी जातो. सिनेमाची फाइल कॉपी केली तर मूळ सिनेमा जागच्या जागी असतो. मी तिकीट काढणारच नव्हतो, तर नुकसान कसलं? हा युक्तिवाद पूर्ण चुकीचा आहे असं मी आजही म्हणणार नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, म्हणजे त्याची मुदत केव्हाच संपली. तो मी फुकट पाहिला म्हणून कुणी मला चोर म्हणणार नाही. म्हणजे फुकट पाहणं हेच मुळात पाप, असं नाही. मग नव्या सिनेमाच्या बाबतीत नेमकं काय चुकतं?

उत्तराची सुरुवात गाडीतच झाली. पालघरला एक काका चढायचे. नायगावला मालिकांचे सेट आहेत, तिथे ते लाइटचं काम करतात. मधेच एखादा सिनेमाही करतात. आमची चेहऱ्यापुरती ओळख होती. एकदा माझ्या स्क्रीनवर डोकावून ते म्हणाले, “अरे, हा पिक्चर? यात मी होतो.” आता बोलणी खावी लागणार म्हणून मी फोन उलटा केला. तर ते म्हणाले, “मला पण दाखव ना. मी बघितलाच नाही. सुट्टी मिळेपर्यंत उतरला.”

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना सगळा सिनेमा नको होता. रात्रीचा एक सीन हवा होता, विहिरीच्या काठावर एक बाई कंदील घेऊन बसलीय तो. त्याच्या लाइटिंगला दोन रात्री गेल्या होत्या म्हणे. सीन आला. कुणीतरी थिएटरात बसून फोनवर उतरवलेली ती प्रत होती. विहीर दिसतच नव्हती, बाईचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि मधेच पडद्यासमोरून कुणाचं तरी डोकं गेलं. काकांनी ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहिला. मग फोन परत देत म्हणाले, “हे माझं काम नाही रे.”

ते रागावले नव्हते. मीच घाईघाईने विचारलं, “काका, यात तुमचे पैसे बुडाले का?”

“माझे कशाला बुडतील? माझी शिफ्ट भरली, पैसे मिळाले. पण पिक्चर चालला नाही म्हणतात. त्याच साहेबांचा पुढचा होता, तो थांबला.”

पायरसीमुळे गरीब कामगाराच्या पोटावर पाय येतो, असं सरसकट सांगितलं जातं. काकांचा हिशोब त्याहून प्रामाणिक होता. झालेल्या कामाची मजुरी त्यांना मिळाली होती. गेलं ते पुढचं काम. आणि झालेलं काम कुणी नीट पाहिलं, हे समाधान.

कायदा इथे फारसा उपयोगी पडत नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानुसार थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. पण बोईसरच्या एखाद्या खोलीत रात्री ती प्रत बघत बसलेल्या मुलाच्या दारात काही पोलीस येत नाहीत. त्याने काय करावं, हे त्याचं त्यालाच ठरवायचं असतं.

माझ्या डोक्यात मात्र ‘चालला नाही’ हे शब्द राहिले. आमच्या ग्रुपमध्ये तो सिनेमा साठेक जणांनी पाहिला होता. शेवटावरून दोन दिवस वाद घातला होता. मग चालला नाही म्हणजे काय? जिथे मोजतात तिथे चालला नाही. हिंदी सिनेमांसाठी २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्सशी ठरलेली वाटणी पाहा. निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यातलं तिकीट त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचं. शो ठेवायचा की काढायचा, हेही बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरतं. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. पण सरकार शो लावायला सांगू शकतं, खुर्च्या भरू शकत नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ला लोटलेल्या गर्दीमुळे काही ठिकाणी मध्यरात्रीचे शो लागले, ते कुणाच्या आदेशाने लागले नव्हते.

म्हणजे बोईसरला मराठी सिनेमा येत नाही अशी माझी तक्रार होती, आणि ज्या आकड्यामुळे तो येत नव्हता तो आकडा खाली ठेवण्यात माझाही हात होता. कुणाकडे पोटभर जेवावं आणि कुणाला न दिसता मागच्या दाराने निघून जावं, तसं हे होतं. अन्न कमी पडलं नव्हतं. पण यजमानाला वाटलं, कुणी आलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने चूल पेटवली नाही.

सगळा दोष आमच्यावर घ्यायलाही मी तयार नाही. फर्स्ट शिफ्टचा माणूस दुपारच्या शोला जाणार कसा? चौघांच्या कुटुंबाने तिकिटं, रिक्षा आणि मुलांचे पॉपकॉर्न यांचा मेळ महिनाअखेरीला कसा घालायचा? ज्याला खरंच दुसरा मार्ग नाही, त्याला नैतिकतेचे धडे देणं मला जमणार नाही. फक्त स्वतःशी कबूल करायला हवं होतं की ‘दुसरा मार्ग नाही’ हे कारण मी मार्ग असतानाही वापरत होतो. सिनेमा ओटीटीवर रीतसर आल्यावरही मी लिंकच टाकायचो. शिफ्टची सबब खरी होती, पण ती माझ्या मित्रांची होती. माझी ड्युटी तर संध्याकाळी सुटते.

मी लिंक टाकणं थांबवलं. ग्रुप बंद पडला नाही, आता दुसरा कुणीतरी टाकतो.

गेल्या पावसाळ्यात एक मराठी सिनेमा येणार होता, तेव्हा मी थिएटरच्या मॅनेजरला जाऊन विचारलं, “रविवारी संध्याकाळचा शो लावाल का?” तो म्हणाला, “तीस माणसं आणा, लावतो.” ग्रुपवर हो म्हणणारे चाळीस झाले. प्रत्यक्षात आलो १९ जण. नाइट शिफ्टला जाणारे तिघे डबा घेऊनच आले होते. मॅनेजरने आमची डोकी मोजली, मान हलवली, आणि शो लावला. मंगळवारी सिनेमा उतरला. आमच्या १९ तिकिटांनी काही बदललं असं मी म्हणणार नाही. पण बोईसरच्या हिशोबात त्या संध्याकाळपुढे शून्य लिहिलं गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात काका भेटले, त्यांना हे सांगितलं. तो सिनेमा त्यांचा नव्हता. तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “रात्रीचे सीन कसे दिसले?”

म्हटलं, “काका, अंधारातलंसुद्धा सगळं दिसत होतं.”