अरुंद चौकटी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचं, तर लेखी परीक्षेनंतर एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत असते. तिथे माहितीचा फॉर्म हाताने भरायचा. चौकटी अरुंद, शाळा, खेळ, छंद, सगळं त्यातच. मुलं मुंगीएवढ्या अक्षरात पदकं कोंबतात. मुलाखत घेणारे अधिकारी तोच कागद समोर ठेवून विचारतात. ‘ट्रेकिंग’ लिहिलंत की गडांची नावं आलीच! मानसशास्त्रीय चाचणीत तर आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याला कसं ओळखतात, आपण स्वतःला कसं पाहतो, पुढे कसं व्हायचंय, एवढं सारं 15 मिनिटांत लिहायचं. विशेषणांना तिथे काडीची किंमत नाही. मित्रांनो, पुढच्या दोन प्रश्नांना टिकेल तेवढंच लिहा. आणि हो, वाचता येईल अशा अक्षरात.