तेल असता मंदावणारी ज्योत

कुंभकोणम्‌जवळील नाचियारकोविलच्या पितळी समया प्रसिद्ध आहेत. समई मंदावली की आपण तेल पाहतो. परंतु कधी तेल पुरेसे असूनही वात ते ओढीनाशी होते. स्मृतिभ्रंशाचा आरंभ काहीसा असाच असतो.

देहाच्या वजनाचा जेमतेम २ टक्के असलेला मेंदू देहाची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेल्या विकारात, विस्मृती जाणवण्यापूर्वीच मेंदूच्या काही भागांत साखरेचा वापर घटलेला ‘पेट’ चित्रणात आढळू शकतो. रक्तात साखर असते. मेंदूत तिचा विनियोग मंदावतो.

मग ज्याचा हिशेब आज चोख आहे, त्याला हे सांगावे काय? रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणून मौन हीच दया वाटते. दूर नोकरीवर असलेले आपण तर वडिलांविषयीचे निर्णय भावंडांशी बोलून परस्पर उरकतो. परंतु घर, पैसा, शुश्रूषा यांविषयी आपली इच्छा सांगण्याचा अधिकार ज्योत तेवत आहे तोवरच बजावता येतो. यास्तव तपासणीपूर्वी त्यांनाच विचारावे : जाणून घ्यावयाचे आहे काय? ‘नको’ म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय. न विचारता पाळलेले मौन मात्र तेवत्या ज्योतीवर आपल्याच हाताने घातलेले झाकण होय.