आपण लोटलेले पाणी जाते कुठे?



मागच्या पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर आम्ही घरभेटीला निघालो होतो. देवळामागच्या खालच्या आळीत एका आजींच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरून गेले होते. भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती आणि तांदूळ भिजून फुगले होते. आजींनी विचारले, "फादर, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून चुलीपर्यंत कधी पाणी आलं नव्हतं. आम्ही देवाचं काय वाईट केलं?"

याचे उत्तर आम्हांला ठाऊक होते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभू येशूने विचारले आणि 'नाही' असे स्वतःच सांगितले (लूक १३:४-५). आम्ही आजींना ते समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग यंदाच कसं आलं?"

त्याचे उत्तर दारातून बाहेर पाहिल्यावर मिळाले. समोर आपल्याच देवळाच्या आवाराची भिंत होती. सणाला चिखल नको, गाड्या लावायला जागा हवी, म्हणून आपण आवारात भराव टाकला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि कडेचा जुना ओहोळ बुजवला. त्या कामाला आम्हीच मंजुरी दिली होती, आशीर्वादही दिला होता. आपले आवार आता कोरडे राहते. पाणी मात्र आजींकडे जाते.

तत्त्वज्ञानात नैसर्गिक अरिष्ट आणि नैतिक अरिष्ट असा भेद शिकवतात. पाऊस पडणे हे पहिल्यात येते. पण पडलेले पाणी कुणाच्या घरात शिरावे, हे पुष्कळदा माणसेच ठरवतात. वसईची जमीन सखल आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला खाडी. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. जुलै २०१८मध्ये रेल्वेचे रूळ बुडून लोकल बंद पडल्या होत्या, ते आपण विसरलेलो नाही. अशा जमिनीवर एकाने लोटलेले पाणी दुसऱ्याच्या घरात जाते.

कुणी म्हणेल, "मी शेजाऱ्याच्या घरात पाणी ओतले नाही, फक्त माझे घर वाचवले. त्यात पाप कसले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाबाळांना कोरड्यात ठेवणे हे कर्तव्यच आहे. पण आपल्या वाडवडिलांनीही घरे वाचवलीच होती. ते जोते उंच बांधत आणि अंगण खाली ठेवत. वाडीत बावखल असे, पावसाचे पाणी तिथे साठे. घर उंच केले तर पाणी अंगणातून पुढे जाते. सगळी जागा भरून भिंत घातली, तर ते शेजाऱ्याकडे वळते. पाण्यापासून स्वतःला वाचवणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या अंगावर घालणे वेगळे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार एकट्याचा असू शकतो. पण तिचा वापर करताना माणसाने ती सर्वांची आहे असे मानावे.

केरळमधील कुट्टनाडचे उदाहरण येथे आठवते. पंपा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या नद्या तिथे वेंबनाड सरोवराला मिळतात. काही शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. संत चावरा यांचा जन्म १८०५ साली याच भागातील कैनकरी गावी झाला. तिथे अनेकांची शेते मिळून एक पाडशेखरम् होते. त्याच्याभोवती एकच बाहेरचा बांध असतो आणि आतले पाणीही सगळे मिळून उपसतात. बांध एका ठिकाणी फुटला तरी सगळ्यांचे भात जाते. म्हणून शेजाऱ्याच्या शेतालगतचा बांध हा आपलाही बांध, हे तिथे उपदेश करून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१८च्या महापुरात बांधही पुरले नाहीत आणि बहुतेक कुट्टनाड रिकामे करावे लागले. त्या वेळी समुद्रकाठचे कोळी बांधव आपल्या होड्या ट्रकवर चढवून बुडालेल्या गावांत गेले. ज्यांना वाचवायचे ते कोण, कुठले, हे त्यांनी विचारले नाही.

शिलोहाच्या बुरुजाविषयी बोलताना प्रभू 'नाही' म्हणून थांबला नाही. ऐकणाऱ्यांना त्याने पश्चात्ताप करायला सांगितले. मेलेल्यांचे पाप शोधायला आलेल्यांना त्याने स्वतःकडे पाहायला लावले. आजींच्या आळीत आमचे तसेच झाले. पूरग्रस्तांना तांदूळ-चादरी वाटणे हे चांगलेच काम आहे, ते चालू राहील. पण ज्या घरात आपणच पाणी सोडले, तिथे ती मदत दान नसते, फेड असते.

म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभा ठेवली आहे. बुजवलेला ओहोळ पुन्हा मोकळा करावा, असा आमचा प्रस्ताव आहे. गाड्यांची जागा कमी होईल आणि खर्चही येईल. नाराजी असेल तर सभेत मोकळेपणाने बोलावे. मात्र त्याआधी प्रत्येकाने एकदा खालच्या आळीत जाऊन आजींच्या भिंतीवरची रेघ पाहून यावी. आपल्या घराच्या मागच्या बाजूलाही एक फेरी मारावी.

आपले,
धर्मगुरू